कार्यालयीन जाळ्यावरील सामायिक माहिती-फाइल : सिद्धगड परिसरातील भूमी-अभिलेखांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संगणकीय जाळ्यावर ठेवलेली एकच माहिती-फाइल अनेक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी वापरणे ही आज लहानमोठ्या सर्वच कार्यालयांची गरज झाली आहे. तथापि फाइल सर्वांना उघडता येणे आणि तिच्यातील नोंद सर्वांच्या हातून सुरक्षित राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांच्या पार्श्वभूमीवर, महसुली दप्तरातील सातबारा व फेरफार नोंदींच्या आधारे स्पष्ट केला आहे. कागदी दप्तरात जी शिस्त अंगभूत होती ती सामायिक फाइलमध्ये आपोआप येत नाही, ती जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सामायिक माहितीसंच, नोंद-कुलूप, फेरफार, सर्व्हर, ग्रामीण कार्यालय

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना याच परिसरात वीरमरण आले. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सिद्धगडाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. गडाच्या पायथ्याचा मुरबाड तालुका आणि त्याला लागून असलेला शहापूर तालुका हा प्रामुख्याने भातशेतीचा, जंगलाचा आणि आदिवासी वस्तीचा प्रदेश होय. ठाकर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली या समाजांची वस्ती येथील पाड्यांतून आहे.

या प्रदेशातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सातबारा उतारा. पीककर्ज, वारसहक्क, शासकीय योजना, भूसंपादनाचा मोबदला या सर्व गोष्टी त्या एका उताऱ्यावर अवलंबून असतात. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा, मोडकसागर व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, तसेच समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला आहे. अशा प्रकल्पांसाठी जमीन जाते तेव्हा मोबदला कोणाला मिळावयाचा याचा पहिला पुरावा म्हणून सातबाराच पाहिला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजेच नोंद चुकली तर ती चूकही कायद्याच्या दृष्टीने काही काळ खरी ठरते आणि ती खोटी ठरविण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर येऊन पडतो.

पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात कापडात बांधलेली असे. आज ती संगणकात आहे. संगणकातील नोंद अनेकांना एकाच वेळी दिसते आणि अनेकांना बदलताही येते. हे सामायिकीकरण कसे घडते, त्यात धोके कोणते आणि ते कसे टाळता येतात, हे समजून घेणे केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासच नव्हे, तर ग्रामीण भागातील प्रत्येक कार्यालयास आवश्यक आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) कागदी दप्तर आणि सामायिक संगणकीय फाइल यांतील मूलभूत फरक स्पष्ट करणे.
(२) एकाच फाइलवर अनेकांनी काम करताना उद्भवणाऱ्या दोषांची कारणमीमांसा करणे.
(३) लहान ग्रामीण कार्यालयांस व्यवहार्य ठरतील अशा उपायांची मांडणी करणे.

३. कागदी दप्तरातील अंगभूत शिस्त

महसुली दप्तर हे एकविसाहून अधिक नमुन्यांचे असले तरी प्रस्तुत विवेचनासाठी त्यांतील तीन पुरेसे आहेत. गाव नमुना ७ व १२, ज्यांस मिळून सातबारा म्हटले जाते. गाव नमुना ८-अ, म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींची खातेवही. आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही.

एखादा खातेदार मयत झाला, जमीन विकली गेली किंवा कर्जाचा बोजा चढला तर तलाठी थेट सातबारावर लेखणी चालवीत नाही. कलम १५० नुसार तो प्रथम फेरफार नोंदवहीत क्रमांक घालून नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. त्यानंतर सक्षम अधिकारी, व्यवहारात बहुधा मंडळ अधिकारी, ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारावर फेरफार क्रमांकासह बदल होतो.

या पद्धतीत चार गुण एकवटलेले आहेत. पहिला, वही एक आणि लेखणी एक. तलाठी लिहीत असताना दुसऱ्या कोणालाही त्याच पानावर लिहिता येत नाही. दुसरा, प्रत्येक बदलामागे क्रमांक असलेली पूर्वनोंद असते, त्यामुळे बदल कधी व कशाच्या आधारे झाला हे मागे जाऊन पाहता येते. तिसरा, नोंद घेणारा आणि ती प्रमाणित करणारा हे दोन वेगळे अधिकारी असतात. चौथा, जुनी नोंद खोडली तरी ती कंसात वाचता येते, पूर्णपणे नाहीशी होत नाही.

कागदी पद्धतीत दोषही पुष्कळ होते. नारिवली किंवा देहरीसारख्या गावातील शेतकऱ्याला उताऱ्यासाठी खेपा घालाव्या लागत. तलाठ्याकडे अनेक गावांचा कार्यभार असल्याने दप्तर नेमके कोठे आहे हे कळत नसे. वाळवी, ओल आणि खाडाखोड यांनी कागद निकामी होत. म्हणून संगणकीकरण आवश्यकच होते. मात्र दोष दूर करताना वरील चार गुण हातचे निसटू नयेत, हा खरा प्रश्न होय.

४. फाइल जाळ्यावर ठेवली जाते तेव्हा

एखाद्या कार्यालयात चार संगणक आहेत आणि ते तारेने एकमेकांस जोडलेले आहेत. त्यांपैकी एका संगणकावरील एक फोल्डर सर्वांसाठी खुला केला जातो आणि त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या आज्ञावलीत तयार केलेली माहिती-फाइल ठेवली जाते. चारही कर्मचारी आपापल्या जागेवरून तीच फाइल उघडतात. शाळा, पतसंस्था, ग्रंथालये आणि लहान कार्यालये यांच्यासाठी ही सर्वांत स्वस्त व सुलभ पद्धत आहे. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या ॲक्सेसने आणि त्याच्याही आधी डीबेस व फॉक्सप्रो यांनी ती रूढ केली.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ज्या संगणकावर फाइल ठेवलेली असते तो केवळ कपाटाचे काम करतो. फाइलमध्ये काय लिहिले आहे हे त्याला समजत नाही. शोधणे, वाचणे, बदलणे, जतन करणे हे सर्व काम चार टेबलांवरील चार संगणक स्वतंत्रपणे करीत असतात. फाइलचे आवश्यक भाग तारेवरून त्यांच्याकडे जातात आणि बदललेले भाग तारेवरून परत येतात. म्हणजे दप्तर एकच, परंतु तलाठी चार आणि लेखण्याही चार, अशी ही स्थिती असते. या चौघांवर देखरेख करणारा पाचवा कोणी नसतो, चौघांनी एकमेकांशी सामंजस्याने वागावे एवढाच काय तो आधार असतो.

५. हरवलेली दुरुस्ती

अशा स्थितीत कोणता अनर्थ होऊ शकतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. सकाळी अकरा वाजता पहिला कर्मचारी एका खातेदाराची नोंद वारसांची नावे लावण्यासाठी उघडतो. दोन मिनिटांनी दुसरा कर्मचारी तीच नोंद बँकेचा बोजा चढविण्यासाठी उघडतो. त्याच्या पडद्यावर अर्थातच वारस नसलेली जुनी नोंद आहे. पहिला कर्मचारी तीन वारसांची नावे घालून नोंद जतन करतो. त्यानंतर दुसरा बोजा लिहून आपली नोंद जतन करतो. दुसऱ्याची नोंद पहिल्याच्या नोंदीवर जाऊन बसते. बोजा राहतो, वारस नाहीसे होतात.

दोघांनीही आपापले काम चोख केले आहे. दोघांच्याही पडद्यावर काम पूर्ण झाल्याचे दिसले आहे. तरीही एका कुटुंबातील तीन नावे कोणाच्याही नकळत पुसली गेली आहेत. संगणकशास्त्रात या प्रकारास 'हरवलेली दुरुस्ती' असे म्हणता येईल. कागदी वहीत हे घडणे अशक्य होते, कारण दुसऱ्याला पहिल्याची शाई दिसलीच असती.

सिद्धगड परिसरात या दोषाचे गांभीर्य अधिक आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. त्यासंबंधीचा शेरा उताऱ्यावर असेल तर खरेदीदार, बँक व दुय्यम निबंधक यांना तो दिसतो. तो शेरा असा नकळत गळाला तर कायदा कायम असूनही त्याचे संरक्षण प्रत्यक्षात उशिरा, बहुधा वाद उभा राहिल्यावरच मिळते. ज्या कुटुंबाला उतारा वाचता येत नाही, त्याला नोंद हरवल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही.

६. कुलूप : लेखणी कोणाच्या हाती?

या दोषावरील मूळ उपाय म्हणजे कुलूप. एक कर्मचारी नोंद बदलत असताना दुसऱ्याला ती बदलता येऊ नये, अशी व्यवस्था करणे. १९७० साली एडगर कॉड यांनी संबंधाधारित माहितीसंचाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मोठ्या 'सामायिक' माहितीसाठ्यांचा उल्लेख होता. पुढे जिम ग्रे यांनी कुलूप किती मोठे असावे आणि व्यवहार कसा पूर्ण व्हावा याचे शास्त्र रचले. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

कुलूप तीन पातळ्यांवर लावता येते. संपूर्ण फाइलला लावले तर नोंदी सुरक्षित राहतात, परंतु एकजण काम करीत असताना इतर तिघांना हात बांधून बसावे लागते. फाइलच्या एका पानाला लावले तर त्या पानावरील शेजारच्या नोंदीही अडकतात. ॲक्सेसच्या जुन्या आवृत्त्यांत असे पान दोन हजार अठ्ठेचाळीस बाइटचे होते. ॲक्सेस २००० पासून ते त्याच्या दुप्पट झाले, मात्र त्याचबरोबर एकेका नोंदीला स्वतंत्र कुलूप लावण्याची सोयही उपलब्ध झाली. कार्यालयीन कामासाठी नोंदीचे कुलूप हाच सामान्यतः योग्य पर्याय होय.

कुलूप केव्हा लावावे याविषयीही दोन मते आहेत. सावध पद्धतीत नोंद बदलण्यास आरंभ होताच कुलूप लागते. त्यात धोका नसतो, पण कर्मचारी नोंद अर्धवट ठेवून जेवावयास गेला तर ती तोपर्यंत अडकून पडते. विश्वासाच्या पद्धतीत कुलूप केवळ जतन करण्याच्या क्षणी लागते आणि मधल्या काळात नोंद कोणी बदलली असल्यास तशी सूचना मिळते. ॲक्सेसमध्ये सामान्यतः हीच दुसरी पद्धत चालू असते. सूचनेच्या वेळी आपला बदल जतन करावा की सोडून द्यावा असे विचारले जाते. गर्दीच्या वेळी कर्मचारी जतन करण्याचे बटण दाबून मोकळा होतो आणि दुसऱ्याचा बदल पुसला जातो. आज्ञावलीने सावध केले, तथापि निर्णय घेणाऱ्यास प्रश्नाचा अर्थच समजला नाही, असे येथे घडते. म्हणून अशा सूचनेच्या वेळी काय करावयाचे याचे लेखी निर्देश कार्यालयाने देणे आवश्यक ठरते.

कुलपांमुळे एक नवी अडचणही उद्भवते. एका कर्मचाऱ्याने नमुना ७ ची नोंद धरून ठेवली आहे आणि त्याला ८-अ ची नोंद हवी आहे. दुसऱ्याने ८-अ ची नोंद धरली आहे आणि त्याला नमुना ७ ची हवी आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात आणि काम ठप्प होते. यावरील उपाय साधा आहे. सर्वांनी नोंदी एकाच ठरलेल्या क्रमाने उघडाव्यात, म्हणजे प्रथम सातबारा आणि मग ८-अ. असे केल्यास हा पेच निर्माणच होत नाही.

कोणत्या नोंदीवर कोणाचे कुलूप आहे हे लक्षात ठेवण्यासाठी ॲक्सेस मूळ फाइलच्या शेजारी त्याच नावाची एक लहान कुलूप-फाइल तयार करते. तीत फाइल उघडणाऱ्या संगणकांची नावे असतात आणि शेवटचा कर्मचारी बाहेर पडला की ती नाहीशी होते. यासाठी सर्व कर्मचाऱ्यांना त्या फोल्डरमध्ये केवळ वाचण्याची नव्हे, तर फाइल निर्माण करण्याची व पुसण्याचीही परवानगी असावी लागते. अनेक ठिकाणी सुरक्षिततेच्या भावनेने ही परवानगी काढून घेतली जाते. मग कुलूप-फाइल तयार होऊ शकत नाही आणि जो प्रथम येईल त्याच्याच ताब्यात संपूर्ण फाइल जाते. 'फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे' या नित्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

७. फाइल बिघडण्याची कारणे

कुलपे नीट असूनही फाइल बिघडू शकते. फेरफार प्रमाणित झाल्यावर सातबारा आणि ८-अ या दोन्हींत बदल व्हावयास हवा. दोन्ही व्हावेत किंवा एकही होऊ नये, असा हा अखंड व्यवहार आहे. सातबारा बदलला आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ८-अ जुनाच राहतो. याहून गंभीर म्हणजे फाइलच्या पानाचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना राहिला, तर संपूर्ण फाइलच उघडेनाशी होऊ शकते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वीज खंडित होणे नित्याचे असल्याने हा धोका येथे पुस्तकी नाही.

जाळ्याची अस्थिरता हे दुसरे कारण होय. बिनतारी जोडणी क्षणभर तुटली तर पत्रव्यवहाराच्या कामात काही बिघडत नाही, परंतु खुल्या माहिती-फाइलवर लिखाण चालू असताना तो एक क्षण पुरेसा असतो. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. वेग वाढावा म्हणून विंडोज प्रणाली फाइलचा भाग कर्मचाऱ्याच्या संगणकावर तात्पुरता साठवून ठेवते. त्यामुळे बदल मूळ फाइलपर्यंत पोहोचण्यास विलंब होतो. २०१८ च्या सुमारास विंडोज १० वापरणाऱ्या अनेक कार्यालयांत ॲक्सेसच्या सामायिक फाइली बिघडल्या, त्यामागे ही साठवणुकीची सोय असल्याचे आढळून आले आणि ती बंद करण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला.

अलीकडे फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून ती सामायिक झाली असे मानले जाते. हा समज चुकीचा आहे. तेथे प्रत्येक संगणकावर फाइलची स्वतंत्र प्रत असते आणि प्रतींत कुलपांची देवाणघेवाण होत नाही. परिणामी दोघांनी एकाच वेळी काम केल्यास दोन भिन्न प्रती निर्माण होतात, किंवा एकाची प्रत दुसऱ्याच्या प्रतीवर जाऊन बसते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक कारण जमेस धरावे लागते. युनिकोडपूर्व काळातील फाइलींत देवनागरी अक्षर हे वस्तुतः इंग्रजी अक्षराच्या जागी विशिष्ट फाँटने काढलेले चित्र असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर नाव निरर्थक चिन्हांत दिसे, आणि एखाद्याने ते 'सुधारले' की मूळ नाव नष्ट होई. युनिकोडमुळे ही अडचण बहुतांशी दूर झाली. तथापि जुन्या फाँटमधील व युनिकोडमधील नोंदी एकाच फाइलमध्ये मिसळल्यास तेच नाव शोधात दोनदा भिन्न ठरते. म्हणून सामायिक फाइल वापरण्यापूर्वी सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि सर्व टेबलांवर इनस्क्रिप्टसारखी एकच टंकपद्धत ठेवणे श्रेयस्कर होय.

८. भूमी-अभिलेखांचा प्रवास : फाइलकडून सर्व्हरकडे

भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१६ पासून तो डिजिटल इंडियाचा भाग झाला. महाराष्ट्रात याच प्रवासातून ई-फेरफार प्रणाली उभी राहिली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांसाठी उपलब्ध झाला.

या प्रणालीत तलाठी, ज्या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले, माहितीची फाइल उघडीतच नाही. तो दूरवरच्या सर्व्हरकडे विनंती पाठवितो. फाइलला स्पर्श करण्याचा अधिकार एकट्या सर्व्हरला असतो. शेकडो विनंत्या एकाच वेळी आल्या तरी कोणाची प्रथम घ्यावयाची, कोणत्या नोंदीला कुलूप लावावयाचे, हे तो एकटाच ठरवितो.

याचे सुबोध उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेथील दुकानांत कार्डयंत्रे बसविण्यात आली. दुकानदाराच्या यंत्रात ग्राहकाचे खाते नसते. यंत्र बँकेच्या सर्व्हरला केवळ विचारते आणि उत्तर मिळाले तरच व्यवहार होतो. जोडणी तुटली तर व्यवहार अडतो, ही गैरसोय खरीच. परंतु बँकेची खतावणी त्यामुळे फाटत नाही. सामायिक फाइल आणि सर्व्हर यांतील संपूर्ण भेद या एका उदाहरणात सामावलेला आहे.

सर्व्हर आणखी एक काम करतो. कोणताही बदल माहितीत करण्यापूर्वी तो एका स्वतंत्र रोजनिशीत लिहून ठेवतो. व्यापाऱ्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर आधी रोजकीर्द, मग खतावणी. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना सर्व्हर रोजकीर्द वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार खतावणीत उतरवितो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो. ॲक्सेसच्या फाइलला अशी रोजकीर्द नसते.

येथे एक लक्षणीय साम्य दिसून येते. गाव नमुना ६ हीदेखील सातबाराची रोजकीर्दच होय. फेरफार क्रमांकावाचून सातबारा बदलू नये हा दंडक आणि रोजनिशीवाचून माहिती बदलू नये हा सर्व्हरचा नियम यांचे तत्त्व एकच आहे. तद्वतच नोंद घेणारा व प्रमाणित करणारा वेगळा असावा ही जुनी विभागणी ई-फेरफारमध्ये स्वतंत्र प्रवेशाधिकार व डिजिटल स्वाक्षरी यांच्या रूपाने टिकून राहिली आहे. अर्थात सर्व्हर आला म्हणून चुका संपल्या असे नव्हे. हस्तलिखितावरून संगणकात उतरविताना झालेल्या चुका त्यात तशाच आल्या. म्हणूनच चावडी वाचन करून उतारे पडताळावे लागले आणि लेखनदोषांसाठी कलम १५५ चा आधार घ्यावा लागला. सर्व्हर नोंद हरवू देत नाही, मात्र ती मुळात खरी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. ते गावालाच ठाऊक असते.

९. लहान कार्यालयांसाठी उपाययोजना

शाळा, पतसंस्था, सार्वजनिक ग्रंथालय, आश्रमशाळा यांना ई-फेरफारसारखी यंत्रणा उभारणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांच्यासाठी पुढील उपाय व्यवहार्य ठरतात.

(१) फाइलची विभागणी करावी. नोंदींची कोष्टके एका फाइलमध्ये सामायिक फोल्डरवर ठेवावीत. नमुने, अहवाल व शोधाच्या सोयी असलेली दुसरी फाइल प्रत्येक संगणकावर स्वतंत्र असावी. त्यामुळे तारेवरील भार कमी होतो आणि एकाच्या पडद्यातील बिघाड सर्वांना बाधत नाही.
(२) जोडणी तारेचीच असावी. फाइल असलेल्या संगणकास व जाळ्याच्या जोडपेटीस अखंडित वीजपुरवठ्याचे उपकरण जोडावे.
(३) प्रत्येक बदलासोबत तारीख, वेळ व कर्मचाऱ्याचे नाव वेगळ्या कोष्टकात आपोआप नोंदले जावे. नमुना ६ चे हे लहान रूप होय. एकच परवलीचा शब्द सर्वांनी वापरण्याची प्रथा बंद करावी.
(४) सुरक्षित प्रत सर्वांनी फाइल बंद केल्यावरच घ्यावी. खुल्या फाइलची प्रत अर्धवट असू शकते. किमान एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.
(५) फाइल नियमितपणे आवळून दुरुस्त करण्याची सोय वापरावी.
(६) मर्यादा ओळखाव्यात. ॲक्सेसची फाइल दोन गिगाबाइटपर्यंत वाढते आणि कागदोपत्री २५५ जणांना ती एकाच वेळी उघडता येते. प्रत्यक्षात त्याच्या फार अलीकडेच तिचा वेग मंदावतो. फाइल वारंवार बिघडू लागली, अथवा दुसऱ्या गावातील शाखेसही तीच नोंद हवी असेल, तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीसारख्या विनामूल्य सर्व्हरकडे वळावे. एसक्यूलाइट ही उत्तम आज्ञावली असली तरी जाळ्यावरील फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी वापरण्यास तिचे निर्मातेच सावध करतात.

सहकार क्षेत्रात ही दिशा आता धोरण म्हणून स्वीकारली गेली आहे. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. प्रत्येक संस्थेची वेगळी फाइल न ठेवता सर्वांसाठी एक समान प्रणाली असावी, हे तिचे सूत्र आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, फाइल सामायिक करणे ही काही मिनिटांची तांत्रिक क्रिया आहे, तर नोंद सामायिक करणे ही प्रशासकीय व्यवस्था आहे. दोन, कागदी दप्तरातील एक लेखणी, पूर्वनोंद, अधिकारांची विभागणी व जुन्या नोंदीचे जतन हे चारही गुण साध्या सामायिक फाइलमध्ये गळून पडतात आणि ते कुलूप, रोजनिशी, प्रवेशाधिकार व सुरक्षित प्रती यांच्या रूपाने पुन्हा आणावे लागतात. तीन, सर्व्हर-पद्धतीचे श्रेष्ठत्व तिच्या वेगात नसून या गुणांच्या पुनःस्थापनेत आहे.

कोणत्याही क्षणी एका नोंदीवर लेखणी कोणाच्या हाती असेल, हे संगणक विकत घेण्यापूर्वीच कार्यालयाने ठरविले पाहिजे. सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या खातेदाराला माहितीसंच, कुलूप किंवा सर्व्हर हे शब्द ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. त्याच्या आजोबांपासून चालत आलेले नाव उताऱ्यावर उद्याही तसेच असावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पूर्ण करण्याची जबाबदारी नोंद हाताळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाची आहे.